मेंदूतल्या डीएनएची दुरुस्ती: पावडरीवर पैसे घालवण्याआधी काय काय करायचं

मी देवगडकडे मेडिकल चालवते, आणि आंब्याचे पैसे हातात आले की काउंटरवर एक ठरलेला प्रश्न येतो, "बाय, मेंदवाक चांगली पावडर आसा काय?" हल्ली त्यात मोबाईलवरच्या जाहिरातींची भर पडलीय, 'डीएनए रिपेअर', 'ब्रेन डिटॉक्स', 'सेल रिन्यू' वगैरे, आणि डब्याची किंमत बघितली तर महिन्याचं रेशन येईल. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. सुरुवातीला थोडं सायन्स आहे, ते टाळू नका, कारण ते कळलं नाही तर पुढच्या सूचना म्हणजे नुसतं अक्रोड खा आणि पाणी प्या एवढंच वाटेल.

तर मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण तुम्ही नुसते ओटीवर बसलेले असताना शरीराला जो ऑक्सिजन लागतो त्यातला जवळजवळ २० टक्के एकटा मेंदू वापरतो. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात त्या ऑक्सिजनपासून ऊर्जा बनते आणि बनता बनता थोडा ऑक्सिजन अर्धवट अवस्थेत निसटतो, त्याचं सुपरऑक्साइड होतं, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि तिथे मोकळं लोह सापडलं की त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल. हा शेवटचा गडी कोणाला आवरत नाही, जन्मला तिथेच शेजारी जे असेल त्याला चावतो, मग ती चरबी असो, प्रथिन असो की डीएनए. म्हणजे लक्षात घ्या, हे नुकसान बाहेरून आलेल्या विषामुळेच होतं असं नाही, श्वास घेणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात ते रोज चाललेलं असतं, आणि ते शून्यावर आणतो म्हणणारा माणूस तुम्हाला फसवतोय.

डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन ह्या माऱ्यात सगळ्यात आधी सापडतं. त्याला ऑक्सिजन चिकटला की त्याचं ८-ऑक्सोग्वानिन होतं. एरवी ग्वानिनची जोडी सायटोसिनशी लागते, पण हे बिघडलेलं अक्षर अ‍ॅडेनिनशीसुद्धा जमवून घेतं आणि मग मजकुरात चूक कायमची बसू शकते. इथे दुरुस्तीवाले येतात. ओजीजी१ नावाचं एन्झाइम डीएनएवर फिरून बिघडलेलं अक्षर शोधून उपटतं, रिकाम्या झालेल्या जागी एपीई१ धागा कापतं, पॉलिमरेज बीटा समोरचा धागा बघून योग्य अक्षर भरतं आणि लायगेज सांधा मारतं. मध्ये धागा तुटलाय ही वर्दी द्यायला पार्प१ असतं. ह्या सगळ्या प्रकाराला बेस एक्सिजन रिपेअर म्हणतात. टोमास लिंडाल यांनी १९७४ मध्ये ह्या पद्धतीतलं पहिलं एन्झाइम शोधलं. डीएनए भक्कम असतो, त्याला काही होत नाही असा तोवर समज होता, पण त्यांचा हिशेब असा निघाला की शरीराच्या तापमानाला नुसत्या पाण्यामुळेसुद्धा एका पेशीतून दिवसाला हजारो अक्षरं गळून पडतात, आणि तरी आपण जिवंत आहोत म्हणजे कोणीतरी ती सतत भरत असणार. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना पॉल मॉड्रिच आणि अझीझ सांजार यांच्याबरोबर ह्याच दुरुस्तीच्या कामासाठी मिळालं.

मग मेंदूचीच एवढी काळजी का? कातडीची, आतड्याची पेशी खराब झाली तर ती जाते आणि नवी येते. न्यूरॉनचं, म्हणजे मेंदूतल्या निरोप नेणाऱ्या पेशीचं, तसं नसतं, तुमच्या आजीच्या डोक्यातले बहुतेक न्यूरॉन तिच्याच वयाचे आहेत. आपल्या कौलारू घराचं कसं, पाडून नवं बांधायचं नसतं, दर वर्षी पावसाआधी कौलं चाळायची, फुटलेली काढायची, चांगली सरकवून बसवायची, आणि एखाद्या वर्षी आळस केला तर लगेच घर पडत नाही पण वासा कुजायला लागतो. न्यूरॉनचं आयुष्य असंच चालतं. त्यात मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा एक छोटा डीएनए असतो, फक्त १६,५६९ जोड्यांचा, तो तर जिथे ठिणग्या उडतात तिथेच राहतो, त्यामुळे त्याला मार जास्त.

आता एक गोष्ट जी जाहिरातीत कोणी सांगत नाही. डीएनए तुटणं प्रत्येक वेळी वाईटच असतं असं नाही. २०१३ मध्ये उंदरांवरच्या कामात दिसलं की उंदराला नव्या जागेत मोकळं हुंदडू दिलं तरी त्याच्या न्यूरॉनमध्ये डीएनएचे दोन्ही धागे काही ठिकाणी तुटतात आणि साधारण दिवसाभरात सांधलेही जातात. अल्झायमर ह्या विसरण्याच्या आजाराचं मॉडेल म्हणून बनवलेल्या उंदरांत हे तुटणं जास्त होतं आणि जास्त वेळ टिकतं. म्हणजे प्रश्न तुटण्यापेक्षा वेळेवर सांधलं जातंय का ह्याचा आहे, आणि माझ्या सगळ्या लिहिण्याचा मुद्दाही तेवढाच: फाटण्याचं प्रमाण थोडं कमी करा आणि शिवणाऱ्याला वेळ द्या. बाकी डब्यात काही नाही.

दुरुस्ती मुळातच बिघडली तर काय होतं ते काही दुर्मिळ आजारांत दिसतं. एटीएम जनुक खराब असलं तर अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया होतो, मूल चालायला लागतं पण तोल सावरत नाही, पुढे डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल शिरा दिसायला लागतात, आणि ह्या मुलांना क्ष-किरणांचा त्रास फार होतो म्हणून एक्स-रे, सीटी उगाच काढायचे नसतात. कॉकेन सिंड्रोम हाही असाच दुरुस्तीच्या दोषाचा आजार आहे, पीएनकेपी जनुकाच्या दोषात डोकं लहान राहून फिट्स येतात. हे आजार आई आणि बाप दोघांकडून दोष आला तर होतात, त्यामुळे नात्यात लग्न करायची पद्धत असलेल्या घरात आधीच्या मुलाला असं काही झालेलं असेल तर पुढच्या बाळाआधी जेनेटिक कौन्सेलिंग घ्याच, देवस्कीकडे जायचं तर जा, पण हेही करा.

अल्झायमर आणि पार्किन्सनची (हात थरथरतात, हालचाल मंदावते तो आजार) गोष्ट एवढी सरळ नाही. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ८-ऑक्सोग्वानिन जास्त सापडतं, ओजीजी१ चं काम कमी पडलेलं दिसतं, आणि विसरभोळेपणाच्या सुरुवातीच्या टप्प्यातही असे बदल दिसलेत. पार्किन्सनमध्ये मेंदूचा जो काळा भाग मरतो तिथे लोह जास्त आणि तिथलं डोपामिन नावाचं रसायन स्वतःच ऑक्सिजनशी जुळून बिघडणारं, म्हणजे लाकडंही तिथेच आणि काडीपेटीही तिथेच. पण हे कारण की परिणाम ह्यावर अजून वाद चालू आहे. आणि हंटिंग्टन ह्या मेंदूच्या आनुवंशिक आजारात तर उलटाच प्रकार: २००७ मध्ये उंदरांत दिसलं की ओजीजी१ दुरुस्ती करायला जातं आणि त्या खटपटीत सीएजी ह्या अक्षरांची रांग आणखी लांब होते, आजार वाढतो. स्ट्रोकमध्ये पार्प१ जरुरीपेक्षा जास्त पेटून उठलं तर पेशीची सगळी ऊर्जा खाऊन टाकतं. म्हणून 'रिपेअर वाढवतो' असं डब्यावर वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो, कुठली रिपेअर आणि किती?

आता कामाचं बोलू.

धूर पहिला. घरात गॅस आलाय हे खरं, पण न्हाणीतली चूल अजून पेटते, झावळ्या, सोडणं, करवंट्या फुकट मिळतात तर कोण सोडणार. बारीक धूर फुप्फुसातून रक्तात उतरतो, जळजळ वाढवतो, रक्तवाहिन्या खराब करतो, आणि लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची, म्हणजे स्मृती आणि समज कमी होत जाण्याची, जी १४ टाळता येण्यासारखी कारणं दिली त्यात हवेचं प्रदूषण आहे. चूल बंद करा असं मी म्हणणार नाही, परवडत नाही ते मला कळतं. पण तीन गोष्टी फुकटात होतात: चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी घालायची नाही, लाकूड पडवीत नीट सुकवायचं, आणि न्हाणीचं दार-खिडकी उघडी ठेवून पेट घेतला की बाजूला व्हायचं, तोंडाने फुंकत बसायचं नाही. काजू भाजायला बसणाऱ्या बायकांनी तर वाऱ्याकडे पाठ करून बसा, तो धूर फार वाईट.

मशेरी. ह्यावर माझं आणि गावातल्या सगळ्या काकवांचं भांडण आहे. "चाळीस वर्सा लावतंय, माका काय झाला?" हे उत्तर ठरलेलं. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, तिच्यातली रसायनं थेट डीएनएला चिकटतात, निकोटिनने बीपी चढतं, आणि दात घासायला म्हणून सुरू झालेली सवय दिवसातून पाच वेळा होते कारण ती नशा आहे. एकदम सुटत नसेल तर आधी दुपारची बंद करा, मग संध्याकाळची. सरकारी क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट. बिडी-सिगारेटवाल्यांना वेगळं सांगायची गरज नाही असं मी धरून चाललेय.

फवारणीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण हे आपल्याकडचं खास आहे. मोहोर आला की तुडतुड्यांवर फवारणी, मग भुरीवर, मग गवत मारायला तणनाशक. पॅराक्वाट हे तणनाशक पेशीत गेलं की तिथे पुन्हा पुन्हा सुपरऑक्साइड तयार करत राहतं, म्हणजे वर सांगितलेला सगळा खेळच ते चालू करतं, आणि त्याचा पार्किन्सनशी संबंध शेतकऱ्यांच्या पाहण्यांमध्ये वारंवार आलाय. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात काही तरुण नशेबाजांना एकाएकी पार्किन्सनसारखा आजार झाला, त्यांच्या भेसळीच्या ड्रगमध्ये एमपीटीपी नावाचं रसायन निघालं, आणि शरीरात त्याचं जे रूप होतं ते पॅराक्वाटच्या रचनेशी खूप मिळतंजुळतं आहे. तेव्हापासून ह्या संशयाने जोर धरला. रचना सारखी म्हणजे परिणामही हुबेहूब सारखा असं नव्हे, पण अंगावर उडवून घ्यायला तेवढं कारण पुरे होऊ नये.

तर बागेत: पंप गळका असेल तर आधी तो दुरुस्त करा, पाठीवर ओघळ येतो आणि कातडीतून विष जातं. हातमोजे, पूर्ण बाह्या, गमबूट, आणि चेहऱ्याला नुसता टॉवेल गुंडाळून भागत नाही, फिल्टरवाला मास्क लागतो. खारं वारं सुटल्यावर फवारायचं नाही, सकाळी शांत असताना आटपायचं. फवारणी करताना तंबाखू मळणं बंद. घरी आल्यावर कपडे वेगळे धुवायचे, पोरांच्या कपड्यात टाकायचे नाहीत, आणि रिकाम्या कॅनमध्ये पाणी किंवा रॉकेल भरून ठेवायची सवय मोडा. गवताला शक्यतो ग्रासकटर लावा, मजुरी जास्त जाते, मान्य. गडी बाहेरून आलेले असतील, नेपाळी असतील, तर त्यांनाही मोजे-मास्क मालकानेच द्यायचे, त्यांच्या मेंदूचा डीएनए काही वेगळा नसतो.

झोप. इथे सायन्स मजेशीर आहे. इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठात झेब्राफिश ह्या इवल्याशा माशावर २०१९ मध्ये दिसलं की जागेपणी न्यूरॉनमध्ये डीएनएचे तुटके धागे साचत जातात आणि झोपेत क्रोमोसोमची हालचाल वाढून ते सांधले जातात. २०२१ मध्ये त्याच गटाने दाखवलं की साचलेलं नुकसान पार्प१ ला कळतं आणि तेच मग झोप आणतं. माणसाचा मेंदू असा जिवंतपणी उघडून बघता येत नाही, त्यामुळे मासळीवरून सरळ माणसावर उडी मारू नका, पण रात्रीचा मोबाईल दोनपर्यंत बघायला एक सबब कमी झाली हे नक्की. ट्रॉलरवर जाणाऱ्यांची, आंब्याच्या दिवसांत वाडीवर राखण करणाऱ्यांची झोप तुकड्यातुकड्यांतच होणार, त्याला इलाज नाही, मग निदान दिवसा अंधाऱ्या खोलीत सलग झोपू द्या त्यांना, घरातल्यांनी पाव्हण्याच्या चहाला उठवू नका. आणि जो माणूस मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकतो आणि दिवसा एसटीत बसल्याबसल्या झोपतो, त्याला स्लीप अ‍ॅप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजारासाठी, तपासून घ्या. रात्रभर ऑक्सिजन खालीवर होणं मेंदूला अजिबात मानवत नाही.

चालणं. आठवड्याला किमान १५० मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल असं. व्यायामाने मेंदूत बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं आणि प्राण्यांच्या न्यूरॉनमध्ये ते एपीई१ वाढवतं, म्हणजे वर जे धागा कापणारं दुरुस्तीचं एन्झाइम सांगितलं तेच. फुकटात मिळणारं 'डीएनए रिपेअर' हवंच असेल तर हे घ्या. घाटीवरून खालच्या वाडीत चालत जाऊन वर आलात तरी झालं, बाईक दोनशे मीटरला काढायची गरज नसते.

बीपी, साखर, कोलेस्टेरॉल ह्यांच्यावर मी थोडक्यात लिहिते पण महत्त्वाने हे सगळ्यात वर आहेत. गोळी चालू असेल तर 'आता बरं वाटतं' म्हणून बंद करू नका, एवढंच. आणि मीठ. जून-जुलैत मासेमारी बंद, मग सुकं चालू: सोडे, सुकट, खारा बांगडा, वर लोणचं, वर पापड. दिवसाचं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, एवढ्यात बसवायचंय. खारा बांगडा दोनदा पाण्यात भिजवून पाणी फेका आणि त्या दिवशी लोणच्याची बरणी उघडू नका.

खाण्यापिण्याचं बोलायचं तर आपल्याकडे तक्रारीला जागा नाही. ताजा बांगडा, तारली ह्यात ओमेगा-३ आहे, बी१२ आहे. जो आठवड्यातून दोन-तीनदा बांगडा खातो त्याने फिश ऑइल कॅप्सूल घ्यायची गरज मला तरी दिसत नाही, आणि हे माझं दुकान असून सांगतेय. फक्त तेच तेल चार वेळा तापवू नका, कालवण करा. फोलेट कमी पडलं तर डीएनएमध्ये थायमिनच्या जागी युरॅसिल घुसतं आणि काढता काढता धागा तुटतो, म्हणून माठ, मुळ्याचा पाला, कुळीथ, चवळी हे ताटात असू द्या. शाकाहारी माणसं आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे डायबेटिसवाले, तुम्ही बी१२ तपासून घ्या, ते कमी असलं की विसरायला होतं, पायाला मुंग्या येतात, आणि वेळेत कळलं तर बरंचसं भरून निघतं. सोलकढी प्या, कोकमात चांगली रंगद्रव्यं आहेत, पण ती चवीसाठी प्या, काचेच्या नळीत अँटिऑक्सिडंट असलेली, म्हणजे वर सांगितलेल्या रॅडिकलला आवरणारी, वस्तू पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोचेपर्यंत काय उरतं हा वेगळा विषय आहे.

त्या पावडरींचं आता सांगते, त्यांत बहुतेक अशी अँटिऑक्सिडंटच असतात. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा कॅरोटिन आणि व्हिटॅमिन ई ची मोठी चाचणी झाली, १९९४ मध्ये निकाल आला, आणि बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्के जास्त निघाला. डिमेन्शिया टाळण्यासाठी ७,५४० वयस्क पुरुषांना व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम देऊन बघितलं, २०१७ च्या निकालात काही फायदा दिसला नाही. हल्ली एनएमएन नावाचं महागडं सप्लिमेंट चालू आहे, उंदरांत उत्साह वाटावा असं दिसलंय, माणसात डिमेन्शिया टळतो असं सिद्ध झालेलं नाही. वर धोका वेगळाच: रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना व्हिटॅमिन ई चे मोठे डोस किंवा गिंको (स्मरणशक्तीसाठी विकतात ती वनस्पती) घेतलं तर रक्तस्राव होऊ शकतो. लोहाच्या गोळ्यांचंही एक, वर लोहाचं नाव वाचून घाबरून कोणी बंद करू नका. गरोदर बाईला, हिमोग्लोबिन कमी असलेल्याला त्या लागतातच. मात्र हिमोग्लोबिन ठीक असलेल्या आजोबांना 'ताकदीचं टॉनिक' म्हणून लोह रोज पाजायचं काही कारण नाही.

तपासण्यांमध्येही गंडवतात. लघवीतून ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे ह्याच ऑक्सिजनच्या माऱ्याचं प्रमाण, मोजून देतो असं पॅकेज असतं, ते सगळ्या शरीराचा ढोबळ आकडा देतं, मेंदूत काय चाललंय ते त्यातून कळत नाही. त्यापेक्षा बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, बी१२, थायरॉइड, आणि हो, कान आणि डोळे. बोटीच्या इंजिनाजवळ आयुष्य गेलेल्या माणसाला ऐकू कमी येतं, घरातले म्हणतात म्हातारा भ्रमिष्ट झाला, प्रत्यक्षात त्याला अर्धं ऐकूच येत नसतं, आणि कमी ऐकू येणं हे स्वतःच डिमेन्शियाच्या त्या १४ कारणांत आहे.

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं चालतं. रोजच्या वाटेवर घर न सापडणं, आमटीत काय घालायचं तेच न आठवणं, पैशाचा साधा हिशेब चुकत जाणं, शांत माणूस संशयी होणं, हे सहा महिन्यांत वाढत असेल तर दाखवा. दोन दिवसांत एकदम बरळायला लागलेली आजी मात्र डिमेन्शिया नसते बहुतेकदा, लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी, नवीन गोळी, काहीही असू शकतं, तिला त्याच दिवशी न्या. आणि तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं जड झालं तर घरच्या उपायांत वेळ घालवू नका, १०८ ला फोन करून 'स्ट्रोक वाटतोय' असं स्पष्ट सांगा, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो, आपल्याकडून गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलला किंवा कोल्हापूरला पोचायचा वेळ त्यातूनच जातो. त्यामुळे जवळ सीटी कुठे आहे ते आजच विचारून ठेवा, आणि माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी एल्डरलाइन आहे, १४५६७, मुंबईतल्या मुलांनी नंबर आईच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून जा. डॉक्टरकडे जाताना घरातल्या झाडून सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स एका पिशवीत घेऊन जा, काढे, चूर्णं आणि तो डीएनएवाला डबासुद्धा, आणि सोबत असा माणूस न्या जो रोज त्यांच्याबरोबर राहतो, गणपतीला आलेला नाही.